शांतवनची बोली

कापणीच्या सणाच्या दिवशी आमच्या तिसगावच्या चर्चमध्ये लोक हात मांडीखाली दाबून बसतात, आणि त्याचं कारण शांतवन भालेराव. त्या दिवशी उपासना झाली की लोकांनी अर्पण म्हणून आणलेल्या मालाचा वेदीसमोरच लिलाव होतो. बाजरीच्या पेंढ्या, भोपळे, डाळिंबं, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. लिलाव पुकारायचा तो शांतवननंच, आणि वर गेलेला हात म्हणजे बोली, हा त्याचा कायदा. मग तो हात माशी हाकलायला गेलेला का असेना. चष्मा सारखा करताना मी स्वतः एकदा टोपलीभर अंडी पदरात पाडून घेतली आहेत.

आणखी एक रीत सांगायला हवी. बोली लागली तरी वस्तू घरी नेलीच पाहिजे असं नाही. पुष्कळ जण ती पुन्हा वेदीवर नेऊन ठेवतात आणि ती पुन्हा पुकारली जाते. परत अर्पण म्हणतो आम्ही त्याला. एकेक कोंबडी दुपारपर्यंत इतकी घरं फिरते की शेवटी तीच कंटाळून डोळे मिटते.

मी चर्चमध्ये पेटी वाजवते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे माझा स्वभाव जरा कडकच. प्रार्थनेत कुणी खिदळलं तर मी आजही पेटीवरून मान वळवून बघते आणि ते पुरतं. पण शांतवनच्या लिलावाला मी पेटीचं झाकण लावून पहिल्या बाकावर येऊन बसते. पोट दुखेपर्यंत हसते, आणि घरी जाताना उपासनेतून निघाल्यासारखंच हलकं वाटतं. हे कसं होतं ते मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून खोटं आहे असंही नाही.

आमचे पाळकसाहेब, नोहासाहेब, इथे नवीन आले तेव्हा त्यांना हे सगळं थोडं जडच गेलं. माणूस सज्जन, पण हसणं बाहेर चपलांपाशी ठेवून यावं अशा मताचा. त्या वर्षी लिलावात दंगा फार वाढला, तेव्हा मंडळींना शांत करायला त्यांनी दोन्ही हात वर केले. शांतवननं बिचाऱ्यांना श्वासही घेऊ दिला नाही. दोन हात, दोन कोंबड्या, एक वार, दोन वार, तीन वार. पाळकसाहेब झगा घातलेले, दोन्ही काखांत कोंबड्या, आणि समोर मंडळी लोळतेय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शांतवनला बोलावून गंभीरपणे विचारलं की देवाच्या घरात इतकं हसणं बरं दिसतं का. मी तिथेच गाण्यांची निवड करत बसले होते. शांतवन नम्रपणे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, नव्वद वर्षांच्या साराला पोरगं हुनार म्हनल्यावर ती हसली. देवानं त्या पोराचं नावच हसू ठिवायला लावलं. असल्या देवापुढं मी सुतकी तोंड घिऊन कसा हुबा ऱ्हाऊ?" पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या साराच्या त्या मुलाच्या, इसहाकाच्या, नावावरच प्रवचन केलं, आणि त्या कोंबड्यांतली एक अजून त्यांच्या अंगणात अंडी देते.

शांतवनला शेत नाही. बापाला नव्हतं, आजाला नव्हतं. आठवडे बाजारात तो प्लॅस्टिकच्या बादल्या, घमेली आणि सुतळीची बंडलं विकायचा, आणि सगळा धंदा आवाजावर. एसटी स्टँडवर उतरलेल्या बाईला तिथूनच ऐकू यायचं की घरची बादली गळतेय. शेजारी कांदे घेऊन बसणारा राधाकृष्ण म्हणायचा, ह्याच्या ओरडण्यानं माझं गिऱ्हाईक वाढतं, भाडं द्यायला पाहिजे. हा राधाकृष्ण घरचा माळकरी, पण कापणीच्या सणाला न चुकता येतो, मागे बसतो आणि दरवर्षी भोपळा घेऊन जातो.

लग्न झाल्यावर पहिल्याच कापणीच्या सणाला शांतवन रिकाम्या हातानं आला होता. सगळे पाट्या भरभरून वेदीपाशी निघालेले आणि हा नवा नवरदेव खिशात हात घालून भिंतीला चिकटलेला. तेव्हाच्या एका म्हाताऱ्या पंचांनी त्याची घालमेल ओळखली, त्याच्या हातात कोंबडी दिली आणि म्हणाले, तू पुकार. त्यानं पुकारली, आणि मंडळी हसून हसून बेजार झाली. त्या दिवशी घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "आज म्या बी काय तरी आनलं." कृपानंच मला हे पुढे सांगितलं. त्याचं शेत म्हणजे त्याचं तोंड, आणि वर्षातून एकदा तो त्याचं पीक वेदीवर आणायचा. लोकांना वाटायचं शांतवन गंमत करतोय. तो अर्पण करत होता.

ही कृपा म्हणजे त्याची बायको. माझी भिंतीपलीकडची शेजारीण. बोलणं मोजकं, चेहरा घट्ट. लिलावाच्या दिवशी सगळ्यात मागच्या बाकावर दाराशी बसायची, तोंडावर पदर. तिनं आयुष्यात कधी बोली लावली नाही, आणि हसताना तर तिला कुणी पाहिलंच नव्हतं. मी एकदा विचारलं, तुला येत नाही का गं हसू? तर म्हणाली, घरी तेच ऐकते की रोज, फुकटात.

मागच्या उन्हाळ्यात शांतवनचा घसा बसला. आधी काढे झाले, मग इंजेक्शनं झाली, आणि शेवटी नगरच्या मोठ्या दवाखान्यात घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या सकाळी पाळकसाहेब प्रार्थना करायला गेले आणि प्रार्थना करता करता त्यांचाच कंठ दाटला. वाक्य पुढे जाईना. कॉटवरून शांतवन त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "साहेब, लांबवू नका. आवाज हाय तवर मला आमेन म्हनू द्या." पाळकसाहेबांना रडता रडता हसू फुटलं. शांतवन आमेन म्हणाला, आणि तो त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द. मला हे ऐकून जितकं रडू आलं तितकाच त्याचा अभिमानही वाटला. असा शेवटचा शब्द ठरवून मिळत नाही.

जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर कृपानं पांढऱ्या मलमलची पट्टी शिवून बांधली. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं, पण ते जखम पुरती भरल्यावर, असं डॉक्टर म्हणाले होते. शांतवन ओट्यावर बसून राहायला लागला. बाजारातली जागा राधाकृष्णनं त्याच्यासाठी पाटी मांडून धरून ठेवली होती, पण तो गेला नाही. चर्चलाही येईना.

भिंतीपलीकडून मला मात्र आता नवंच काही ऐकू यायचं. मोजकं बोलणारी कृपा दिवसभर बोलत असायची, दोघांचं मिळून. "व्हय, मीठ जास्त झालंय. म्हाईत हाय मला. तसलं तोंड करू नका." जरा वेळानं, "शेजारच्या बाईंची नक्कल करू नका, त्या ऐकत्यात." मी ऐकत होतेच. त्याच्या भुवया, बोटं, खांदे हे सगळं ती अक्षरासारखं वाचायला शिकली होती.

कापणीचा सण जवळ आला तेव्हा पाळकसाहेब त्याला बोलवायला गेले. सोबत मीही. यंदा नुसता येऊन बस, म्हणाले. शांतवननं दोन्ही तळहात आमच्यापुढे उघडे धरले, उलटे केले, झटकले. कृपा चुलीपाशी होती. तिनं मागे वळून न बघताच सांगितलं, "ते म्हनत्यात, औंदा माझ्याकडं द्यायला काई न्हाई. रिकाम्या हातानं येनार न्हाई मी." आणि मग स्वतःचं म्हणून हळूच, "मी आनते त्यांना."

आणलं तिनं. कसं ते तिलाच ठाऊक. दोघं दाराशी, शेवटच्या बाकावर बसली. शांतवन मान खाली घालून.

लिलाव यंदा रविराजकडे दिला होता. चांगला मुलगा, पतपेढीत आहे, आणि तो तसाच पुकारत होता. भोपळा, एक नग. पेंढी, एक नग. कुणी हात वर करेना. लोक शांतवनकडे बघायचं टाळत होते, त्यामुळे सगळे छताकडे बघत होते. रविराजनं घाबरत कोंबडी उचलली आणि दोन्ही हातांवर आडवी धरली.

तेवढ्यात मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा बाक हसला. मी माझी नजर टाकली, पण ती यंदा काही चालली नाही. शांतवनची मान वर आली होती, हात हलत होते, आणि कृपा त्याचं मनगट खाली दाबत पुटपुटत होती.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कृपाबाई, काय म्हणतात ते?"

ती उभी राहिली. पदर तोंडावरच. न सांगावं तर पाळकसाहेबांनी विचारलेलं. शेवटी पदर खाली घेऊन, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती म्हणाली, "ते म्हनत्यात, कोंबडी लेकरावानी धरलीया. बाप्तिस्मा द्यायचा आसंल तर नाव काय ठिवायचं ते तरी ठरवा."

चर्च नुसतं फुटलं. आणि कृपाचा चेहरा मात्र तसाच घट्ट. ती तशीच उभी होती, लोक एवढे का हसतात ते न कळल्यासारखी, आणि म्हणून लोक आणखी हसत होते. रविराजनं कोंबडी खुशीनं सोडून दिली. शांतवन उठला, बायकोचा हात धरला आणि मधल्या वाटेनं तिला ओढत पुढे घेऊन आला.

त्यानंतर जे झालं तसा लिलाव आमच्या चर्चनं पाहिला नव्हता. तो करायचा आणि ती सांगायची. त्यानं भोपळा सदऱ्याच्या आत घातला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात काठी असल्यासारखं करून वाकून चालायला लागला. कृपा आधी सांगेनाच. मग म्हणाली, "सारा हाय ही. नव्वद वर्सांची. दिवस भरलेत. हसू नका, देव इचारतो मागनं, का हसला म्हनून." पाळकसाहेब वेदीच्या कठड्याला धरून खाली बसले. राधाकृष्ण डोळे पुसत दोन्ही हात वर करून उभा राहिला, आणि भोपळा त्याला गेला, दोन्ही हातांच्या बोलीनं.

वेदीसमोरचं मालाचं टेबल रिकामं झालं. आता मी पेटीकडे जाणार, तेवढ्यात शांतवननं स्टूल ओढलं, टेबलाशेजारी मांडलं आणि स्वतः त्यावर बसला. गुडघे जुळवून, हात मांडीवर, कोंबडीसारखा मान तिरपी करून. मग बायकोला खूण केली. पुकार.

आम्ही हसायला लागलो. कृपानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुकारायला सुरुवात केली, त्याच सपाट आवाजात.

"जुना माल हाय. गळ्याला भोक हाय. विडी सुटलीया. आवाज न्हाई, त्यामुळं घरात तरास न्हाई." लोक हसत होते. "शेत न्हाई, वाडी न्हाई. औंदा द्यायला काईच न्हाई म्हनत हुता, म्हनून सोताच येऊन बसलाय."

इथे तिचा आवाज थांबला. हसणंही आपोआप थांबलं. शांतवन स्टुलावर हलला नाही. कुणी बोली लावली नाही. अशा मालाची कुणी काय बोली लावणार?

मग कृपानं हात वर केला. सरळ, खांद्यापासून, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. इतक्या वर्षांतली तिची पहिली बोली.

"एक वार," ती म्हणाली. "दोन वार. तीन वार."

शांतवनचे खांदे हलायला लागले. हसत होता तो. आवाज नव्हता, पण गळ्यावरची पांढरी पट्टी पुढेमागे होत होती, आणि ते बघून आधी पाळकसाहेब हसले, मग सगळे. आणि मग, देवाशपथ, कृपाही हसली. पुढचे दोन दात पडलेले, ते तेव्हा कळलं.

पाळकसाहेब डोळे पुसत पुढे आले आणि रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "कृपाबाई, परत अर्पण करणार?"

तिनं शांतवनचा हात धरून त्याला स्टुलावरून उठवलं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "ह्यो परत द्यायचा न्हाई."