मांड्याच्या चुलीवर वाळू

चुडामण पाटील घराकडे येताना दिसला की आमच्या गल्लीतल्या बायका आधी गॅसची नळी पुसून घेतात. कारण हा माणूस दारातूनच वाकून सिलेंडरकडे बघणार, नळीवरून बोट फिरवणार आणि मग म्हणणार, "वहिनी, ही बदला आता. चिरा पडी राह्यल्या." एवढं झाल्यावरच तो चहाला बसणार, आणि मग असं काही बोलणार की पिणाऱ्याच्या नाकातून चहा यावा. आम्ही लहानपणापासूनचे दोस्त. म्हणजे तो माझा दोस्त आहे आणि मी त्याला सहन करतो.

मी पांडुरंग. बुऱ्हाणपुरात माझे थोडे पॉवरलूम आहेत. मागांच्या खडखडाटात जन्म गेला, त्यामुळे मी मोठ्याने बोलतो. लोकांना वाटतं भांडतोय. कधी कधी खरंच भांडत असतो.

चुडामणही पूर्वी मागावरच होता. मग बहादरपूरच्या रस्त्याला एक कारखाना निघाला. तिथे कापडाला असा हात देतात की पावसाचं पाणी त्यावर ठरत नाही, केळीच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून जातं. त्यासाठी सिलेन नावाचं एक रसायन लागतं. दिसायला स्वच्छ पाणी, वागायला पेट्रोल. त्या सिलेनच्या गोदामावर चुडामण लागला आणि गल्लीभर शहाणपणा वाटत सुटला.

तोंड उघडलं की तेच. सिलेनची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. लांब कुठे ठिणगी असेल तर तिथपर्यंत जाऊन तिला भेटते आणि आग घेऊन माघारी येते. बरं, विझवायला पाणी मारावं तर पाण्याशीही ह्याचं जमत नाही. पाणी लागलं की त्यातून स्पिरिटसारखी आणखी पेटणारी वाफ सुटते. मी एकदा म्हटलं, "आगीशीही वैर, पाण्याशीही वैर. हा तर माझ्या सासऱ्यासारखाच आहे रे." तो इतका हसला की खुर्चीवरून पडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने हे सगळ्या कारखान्याला सांगितलं. माझ्या सासऱ्यापर्यंतही पोचलं.

ड्रम उघडण्याआधी तो एक तांब्याची तार चिमट्याने ड्रमला लावतो. तार जमिनीत गाडलेली असते. ओतताना ड्रमवर जी वीज साठते, कपडे काढताना अंगावर चरचरते ना तसली, ती त्या तारेने जमिनीत उतरते. चुडामण त्याला राखी म्हणतो. "राखी बांधल्याशिवाय त्याचं तोंड उघडायचं नाही," हे कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकावं लागतं. आणि अख्खं गाव पॉलिस्टर विणतं, मी स्वतः पॉलिस्टर विणतो, पण हा पठ्ठ्या जन्मभर सुती घालणार, कारण पॉलिस्टरमध्ये चरचर जास्त. मी त्याला गावाचा गद्दार म्हणतो.

अशा माणसाच्या मुलीचा साखरपुडा कारखान्याच्या आवारात ठरला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मुलगी तृप्ती. मुलगा जसोंडीचा मनोज, केळी-कापसाची शेती असलेल्या घरातला. दोघं कॉलेजात बरोबर होते आणि त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. बाकी सगळे राजी झाले, पण मनोजची आजी मथुराबाई काही हलेना. त्या घरात तिच्या होकाराशिवाय विहिरीवरची मोटरसुद्धा चालू होत नाही. मोठ्या मिनतवारीने म्हातारी कबूल झाली, पण एका अटीवर. मांडे तिच्या डोळ्यांसमोर भाजायचे, पहिला मांडा कुळदेवीच्या नैवेद्याला निघायचा, आणि मगच ती पोरीला कुंकू लावणार. नैवेद्यात काही खोट आली तर उठून जाणार. तृप्तीने त्या आठवड्यात धड जेवण केलं नाही. वरून हसायची, पण मला पोरीचं तोंड कळतं.

चुडामणचं घर म्हणजे काडेपेटी. कारखान्याचे शेठ म्हणाले, रविवारी कारखाना बंदच असतो, आवार घे. चुडामण दोन दिवस नाही-नाही म्हणत होता. शेवटी आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, फाटकाबाहेर चुली मांडायच्या असं ठरलं, आणि त्याने स्वतः गोदामाभोवती चुन्याची रेघ ओढली. या रेघेच्या आत आग नाही, विडी नाही, दिव्याची माळसुद्धा नाही. शेठनी हसून मान डोलावली.

आखाजीनंतरचे, म्हणजे अक्षय्य तृतीया उलटल्यानंतरचे दिवस. ऊन असं की सावलीलाही चटका बसावा, आणि त्यात वारा. मांड्यांचं काम कमलाबाईकडे होतं. तिच्या हातावर पसरलेला मांडा कोपरापर्यंत येतो आणि उपड्या खापरावर टाकला की त्यातून पलीकडचं दिसतं. पण वाऱ्यात खापर तापेना, जाळ एका अंगाला पळे. कमलाबाईने इकडेतिकडे पाहिलं. गोदामाची भिंत उंच, तिच्या आडोशाला वाऱ्याचं नाव नाही. तिने बायकांना हाक मारली, विटा उचलल्या आणि चुली भिंतीला खेटून मांडल्या. रेघेचं काय, पदराचा फटकारा दिला की चुना पुसला जातो. वारा लागला की चूल आडोशाला न्यायची, हे आमच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. फक्त त्या भिंतीला अगदी तळाशी एक जाळी होती. जड वाफ साचू नये म्हणून मुद्दाम खाली ठेवलेली.

मथुराबाई चुलीशेजारी पाटावर बसली. तिला दुसऱ्या कोणाच्या मांड्यांचा भरवसा नव्हता.

इकडे मांडवात ताशे वाजत होते. चुडामण नवा सुती सदरा घालून, कपाळाला टिळा लावून नाचत होता. लग्नकार्यात तो नाचतोच, पण त्या दिवशी तो पाय जमिनीला लावत नव्हता. मीही नाचलो, हे कोणाला सांगू नका.

नाचता नाचता तो थांबला. गोदामाच्या दारावर एक लाल दिवा उघडमीट करत होता. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालंही, "डेकोरेशन मस्त केलं ना." पण तिथे डेकोरेशन नाही हे चुडामणला माहीत होतं, त्यानेच नको म्हटलं होतं. आत वाफ जमायला लागली की तो दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. भोंगा ताशांत बुडाला होता. दिवा धोक्याच्या पुष्कळ आधी लागतो, असं तो मला नंतर म्हणाला. पण पेटत्या चुलीला ते कोण सांगणार?

त्याने ताशेवाल्याची काडी धरली. "सगळे फाटकाबाहेर. रस्ता ओलांडून समोर लोटूआप्पांच्या केळीच्या बागेत. गाडी कोणी चालू करायची नाही. मोबाईल नाही, माचिस नाही. पायी चला!"

आणि तो चुलींकडे धावला. मी त्याच्यामागे. आमची गडबड पाहून कमलाबाईने पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको!" चुडामण असा ओरडला की माझ्या बहिऱ्या कानांनाही ऐकू आलं. भिंतीजवळ लाल बादल्यांत कोरडी वाळू होती. त्याने एक उचलली, मी एक. खापरावर पहिला मांडा नुकता फुगत होता, सोनेरी, नैवेद्याचा. त्याच्यासकट चुलीवर वाळू गेली.

"अरे मेल्या!" मथुराबाई किंचाळली. "माह्या देवीचा नैवेद्य!"

"आजी, उठा."

"नाही उठत!"

तिचे गुडघे दुखतात. मनात असतं तरी तिला पटकन उठता आलं नसतं. चुडामणने वाकून तिला गव्हाच्या पोत्यासारखी उचलली आणि धावत सुटला. मुलीचा बाप, मुलाच्या आजीला खांद्यावर घेऊन, सगळ्या वऱ्हाडासमोर! म्हातारी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. तृप्ती मागून पळत रडत होती, "पप्पा, ये क्या कर रहे हो!"

केळीच्या बागेत गेल्यावर त्याने म्हातारीला आळ्याच्या कडेला अलगद बसवलं, हात जोडले आणि माघारी रस्त्यावर गेला. फाटकापासून बराच लांब गेल्यावरच त्याने मोबाईल काढला आणि कारखान्याच्या इंजिनिअरला, निरंजनला, फोन लावला. निरंजन जवळच राहतो. तो येईपर्यंत चुडामण फाटकापासून लांब उभा राहून येणारी-जाणारी वाहनं थांबवत होता.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "गाढवा, सोयरीक मोडायला आलीय. जा, म्हातारीचे पाय धर!"

"धरतो. पयले ड्रम."

"तृप्तीकडे बघ जरा!"

"पांड्या, तिच्याकडे पाहीसनच इथं उभा आहे मी."

मग मीही त्याच्याशेजारी उभा राहून गाड्या अडवायला लागलो.

निरंजन आला. दोघांनी तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मे, हातात मोजे चढवले. एकट्याने आत जायचं नाही हा त्यांचा नियम, आणि त्याचा सराव दोघं वर्षभर करत होते. वाफ पुरेशी निवळली हे हातातल्या यंत्रावर बघून मगच ते आत शिरले. उन्हाने एका ड्रमच्या बुचाचं वायसर गेलं होतं आणि सिलेन पाझरून फरशीवर उतरलं होतं, बरोबर त्या जाळीच्या बाजूला. पितळी पान्याने बूच आवळलं, सांडलेल्यावर कोरडी वाळू टाकली आणि तो ड्रम एका मोठ्या ड्रमात बंद केला. लाल दिवा विझला.

केळीच्या बागेत तोवर वेगळीच गंमत. कमलाबाईच्या बायकांनी आमरसाचं पातेलं पळतानाही सोडलं नव्हतं. लोटूआप्पांनी केळीची पानं कापून दिली, पोरं हाताने रस खात होती, ताशेवाले पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसले होते. वर घड लोंबत होते. असा मांडव कोणत्या शेठने घातला असता? फक्त मथुराबाई कोणाशी बोलत नव्हती. तृप्ती तिच्यासमोर मान खाली घालून बसली होती, आणि तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं.

चुडामण आला. टिळा घामाने नाकापर्यंत आला होता. तो खरंच म्हातारीच्या पायाशी बसला.

"आजी, चुकलं माझं म्हणत नाही. पण तुमचा नैवेद्य गेला, त्याची माफी मागतो."

"होतं काय तिथं?" म्हातारीने विचारलं.

चुडामणने समोरच्या पाटाच्या पाण्याकडे बोट केलं. "हे पाणी कसं चाललंय, खालून, आवाज न करता? तशी वाफ चालती. दिसत नाही. तुम्ही बसला होता त्या लाकडी पाटाखालून चुलीत जाणार होती."

मथुराबाईने त्या पाण्याकडे पाहिलं. वरकरणी राग, पण डोळे कुठेतरी दुसरीकडे, थेट जसोंडीला गेल्यासारखे. मग तिने मनोजला हाक मारली.

"मन्या, घरी फोन लाव. तुह्या बापाले सांग, पंपाचं डिझेल चुलीजवळ ठेवलं आहे ना, ते आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. फवारणीचं औषध बी काढ."

"आजी, आत्ता?"

"मग कधी? सून येणार आहे घरात."

आणि कमरेची कुंकवाची डबी काढून तिने तृप्तीची हनुवटी वर केली.

चुडामण केळीच्या बुंध्याला टेकून ढसाढसा रडायला लागला. ताशेवाले ओल्या पायांनीच उठले. मथुराबाई त्याला म्हणाली, "रडतो काय? नाच. आणि लग्नात मले पुन्हा उचललं तर याद राख. माह्या नवऱ्यानं बी कधी उचललं नव्हतं."