आत्याचा नवा गुडघा, फाटकी खुर्ची आणि येरमाळ्याची एसटी

येरमाळ्याला जायचं मी ठरवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला धाडलं गेलं. मॅट्रिकला दोनदा आपटल्यापासून आमच्या तामलवाडीत कुणाला कुठं पोचवायचं असलं की माझंच नाव निघतं. "तसाबी हिंडतच असतोय," असं वडील म्हणतात. त्यात कौतुक नसतं.

या खेपेला पोचवायच्या होत्या आत्या. मुंबईत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, त्यांचा डावा गुडघा काढून तिथं धातूचा नवा बसवून घेतला होता. आमच्या गावात कुणाला हे खरंच वाटेना. "पाण्यानं गंजल की!" असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं त्याची समजूत काढली, "पाणी हाय कुठं गंजायला?" दुष्काळाचं एवढं एकच सुख मला त्या वर्षी ऐकायला मिळालं.

सोलापूर स्टेशनच्या फलाटावर दादानं आत्यांना माझ्या हवाली केलं आणि माझे कान पिळल्यासारखं समजावलं. आत्यांनी रोज चालायचं, अगदी भरपूर. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना वाईट आधी. "डॉक्टर म्हणतात, चांगला स्वर्गात, वाईट पाताळात. ध्यानात राहील ना?" मी मान हलवली. मान मी चांगली हलवतो.

मग दादा मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "येरमाळ्याचं घर बंद करून आईला परत मुंबईला न्यायचंय. म्हैस तेवढी विकायची राहिलीय. उद्या सकाळी व्यापारी येणारे. आई म्हणते मीच धार काढीन, पण उकिडवं बसल्याशिवाय धार कशी काढणार? तू फक्त मध्ये पडू नकोस." दादाचा आवाज मोठा. आत्यांनी सगळं ऐकलं आणि पदर सारखा केला.

आता खुर्ची. उकिडवं बसायचं नाही म्हटल्यावर परसाकडं जायची सोय लागते, म्हणून बैठकीला भोक असलेली खुर्ची सुताराकडून करून घे, असा दादाचा निरोप होता. मी डोकं चालवलं. जुन्या बाजारात वेत फाटलेली एक खुर्ची स्वस्तात मिळाली. भोक तयारच. नव्या खुर्चीला भोक पाडायचं, त्यापेक्षा भोकाला खुर्ची शोधली, असं मी दादाला अभिमानानं सांगितलं. दादा गाडीत बसून निघून गेला.

तुम्हाला कधी नव्या गुडघ्याच्या माणसाला घेऊन एसटीनं जायचं असेल तर एक सांगतो: अडचण रस्त्याची नसते, पहिल्या पायरीची असते. ती जवळजवळ मांडीइतकी उंच. मी खालून ओरडलो, "आत्या, चांगला आधी!" आत्यांनी काठी रोवली आणि नवा पाय वर टाकला. तिथंच अडकल्या. ना वर, ना खाली. मागं रांग.

"अहो, चांगला म्हणलो की!"

"मग ह्यो काय वाईट हाय?" आत्या पायरीवरून कडाडल्या. "एवढा मुंबईचा, नवा कोरा! चांगला म्हंजी हाच. ह्यो उजवा तर साठ वर्साचा जुना."

कंडक्टर रांगेवरून डोकावला. "मावशी, जुना आधी टाका. नवा मागनं येऊ द्या. लोकं खोळंबलीत."

"असं नीट सांगावं की माणसानं," आत्या म्हणाल्या आणि चढल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्ची टपावर गेली.

तुळजापूरला गाडी बदलायची होती. येरमाळ्याची गाडी लागायला वेळ होता. आत्यांना खुर्चीच्या कडेवर टेकवून मी भजी आणायला गेलो. भजी गरम होती, मिरची झणझणीत, पुडी मोठी. परत येताना स्टँडच्या मागं बोअरचं मशीन चालू दिसलं. भोवती गर्दी. पाणी लागतंय का, हे बघायला सगळे श्वास धरून उभे. मीही धरला. पांढरा फुफाटा उडत होता, नुसती खडकाची भुकटी. "आता लागंल," शेजारचा म्हणायचा. मी एकेक भजं खायचो. भजी संपली, पाणी लागलं नाही. पांढराफटक होऊन परत आलो तोवर गाडी गेली होती.

आत्या मात्र मजेत होत्या. एक बाज विणणारा म्हातारा त्यांच्यासमोर बसून सुतळीनं खुर्ची विणत होता. भोक गच्च बुजलं होतं.

"आत्या! भोकासाठीच तर आणली ना ती!"

"भोक तुमच्या दादाला पायजे हुतं. मला बूड टेकायला जागा पायजे." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "पिठाच्या गिरणीत गेला हुतास का रं? आन् भजी कुठंयत?"

दुसरी गाडी उन्हं कलल्यावर मिळाली. "जुना आधी!" मी म्हणालो आणि त्या झोकात चढल्या. उस्मानाबाद, म्हणजे आत्यांच्या तोंडी धाराशिव, मागं पडलं. दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं, मध्येच टँकरभोवती घागरींचा गराडा. मला झोप लागली, आत्यांनाही. जाग आली तेव्हा येरमाळा मागं गेलं होतं. कंडक्टरनं शिव्या घालत पुढच्या फाट्यावर उतरवलं.

परत चालत. खुर्ची माझ्या डोक्यावर, काठी आत्यांच्या हातात. डॉक्टरांनी चाला म्हटलंय ना, असं मी विनोदानं म्हणालो. नंतर विनोदाला दम उरला नाही. आत्या ठकठक पुढं, मी मागं. थोड्या थोड्या अंतरावर खुर्ची खाली ठेवायची, आणि तिच्यावर बसायचो मी. वाटेत भेटलेल्या एका सायकलवाल्यानं विचारलं, "आजारी कोन हाय?" आत्यांनी काठीनं माझ्याकडं दाखवलं.

"गुडघे दुखायलेत का रं शिवा?" तो गेल्यावर आत्यांनी विचारलं.

"व्हय."

"दुखणारच. तुझे जुने हायत."

घरी पोचल्यावर शेजारच्या मैनाबाई भाकरी, पिठलं घेऊन आल्या. आत्या नसताना म्हशीचं त्याच बघायच्या. "अक्का, तुमची चंद्री लई माजलीय. पान्हाच सोडत न्हाय. डेअरीवाला म्हणतोय, एवढंसं दूध मापात काय धरू? आन् लाथा किती!" मग आवाज उतरला. "यापारी उद्या येणार म्हणं."

आत्यांनी भाकरी खुर्चीत बसून खाल्ली, मांडीवर ताट घेऊन. आम्ही दोघं खाली. जन्मात पहिल्यांदा त्या सगळ्यांपेक्षा उंच बसल्या होत्या आणि घासागणिक गोठ्याकडं बघत होत्या.

सकाळी जाग आली ती आत्यांच्या आवाजानं. गोठ्यात खुर्ची, खुर्चीत आत्या, शेजारी चंद्री. पण म्हशीची कास खाली आणि आत्या वर. वाकल्या तरी हात पुरेना. नवा गुडघा ठरावीक जागेपर्यंत वळतो, मग वळतच नाही. मैनाबाई पदराचं टोक चावत उभ्या. मी दादानं सांगितल्यासारखा मध्ये पडलो नाही. दादाचं एवढं एकच ऐकलं आणि त्याचीच लाज वाटली.

आत्या घरापुढच्या बुटक्या ओट्याकडं बघत राहिल्या. वीत-दीड वीत उंच असेल.

"मैना, कडबा वट्यावर टाक."

मग म्हशीचं दावं मला धरायला लावलं. चंद्री ओट्यापाशी येऊन थबकली. कडबा वर, ती खाली. मी ओढली, तिनं मला ओढलं, मी शेणात बसलो. आत्या तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "चढ गं बाई. जुना आधी, नवा आधी, कंचाबी टाक!" आणि चंद्री चढली.

खाली खुर्ची लावली. आता कास बरोब्बर हाताशी. आत्यांनी मांडीवर बादली घेतली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलं आणि काहीतरी पुटपुटल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली. काल बोअरवर एवढी माणसं कशासाठी श्वास धरून उभी होती, ते मला तिथं शेणात बसून कळलं.

व्यापारी आला तेव्हा आत्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात किटली घेऊन डेअरीला निघाल्या होत्या. "म्हस इकायची न्हाय," त्यांनी चालता चालताच सांगितलं. "आन् आमच्या लेकाला कळवा म्हणावं, डॉक्टरनं रोज चालाय सांगितलंय. डेअरी लांब हाय. मी चालायलेय."

कळवायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. दादा काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी त्याला एवढंच विचारलं, की परसाकडची सोय राहिलीय, तर आणखी एक फाटकी खुर्ची घेऊ का? दोन दगड रचून त्यावर फळी टाकायची सोय आत्यांनी आधीच केली होती, हे नंतर कळलं.

मी तामलवाडीला परत आलो. वडिलांनी विचारलं, "पोचल्या का नीट?" मी म्हणालो, पोचल्या. थोड्या पुढं जाऊन मागं आल्या, पण पोचल्या. माझी पाठ अजून दुखते. राहिलं ते एवढंच, की आता एसटीची पायरी आली की मी उगाच थांबतो. चांगला आधी, वाईट मागून. मागची रांग ओरडते, कंडक्टर घंटी ओढतो, आणि माझा चांगला पाय कोणता, हे माझं अजून ठरत नाही.