मेलवरची न दिसणारी सही

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

तेव्हा मी परळच्या एका पोलीस ठाण्यात होतो. एका खाजगी कंपनीचा विभागप्रमुख फिर्याद घेऊन आला. त्याच्या हाताखालच्या मुलीने त्याच्याविरुद्ध कंपनीत छळाची तक्रार केली होती. ती खोटी होती, पैसे उकळायला केली होती, असं तिनेच मेल करून कबूल केलं, हे त्याचं म्हणणं. सोबत मेलचा प्रिंट, कंपनीच्या शिक्क्यासह. तेवढ्यावर कंपनीने तिला काढून टाकलं होतं, आणि आता याला तिच्यावर खंडणीचा गुन्हा हवा होता.

मुलगी डिलाईल रोडच्या चाळीतली. ठाण्यात बोलावल्यावर ‘मी हे लिहिलेलंच नाही’, एवढंच सांगत राहिली. सोबत आलेली आई मुलीकडे बोट करून मालवणीत म्हणाली, “साहेब, माझां चेडू असां लिवचां नाय.” आईचा शब्द हा पुरावा नसतो. पण शिक्का मारलेला प्रिंट तरी कुठे पुरावा असतो?

मी मूळ मेल मागितला. बरीच टाळाटाळ करून त्याने फाईल दिली. आमच्या सायबर कक्षातल्या उपनिरीक्षक बाईंनी मला समजावलं, की मेल निघताना कंपनीचा सर्व्हर त्यावर एक सही करतो, डोळ्यांना न दिसणारी. ती पडताळायची किल्ली कंपनीच्याच डोमेनच्या नोंदींत असते, कोणीही पाहावी. मजकुरातला एक शब्द बदलला तरी सही जुळत नाही. इथे जुळली नाही.

पण तेवढ्याने भागत नाही. वाटेत एखाद्या यंत्रणेने मेलखाली सूचना चिकटवली तरी सही बिघडते. बाईंनी मेलचा हेडर, म्हणजे तो कोणाकोणाला गेला आणि त्याचा स्वतःचा क्रमांक काय याची नोंद, पुन्हा वाचला. मेलची प्रत मुलीबरोबर काम करणाऱ्या आणखी एकीला गेली होती. गणपतीत गावी जाणाऱ्या मुलींची ड्युटी ती सांभाळायची, म्हणून रजा मागताना तिलाही प्रत पाठवायची तिथे पद्धत होती. तिच्याकडे त्याच क्रमांकाचा मेल निघाला, सही चोख जुळणारी. आत लिहिलं होतं, गौरी-गणपतीसाठी रजा मिळावी.

या नालायकाने पोरीच्या रजेच्या अर्जातला मजकूर काढून तिथे कबुलीजबाब घातला होता. समोर बसवलं तर म्हणे सर्व्हरचा घोळ असेल. मी विचारलं, “सर्व्हरला नेमकी तुमचीच बाजू कशी सुचली?” चोराच्या उलट्या बोंबा तिथे बंद झाल्या. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा त्याच्यावरच नोंदवला.

त्याच्यापेक्षा जास्त राग मला कंपनीच्या चौकशी समितीचा येतो. चांगली शिकलेली माणसं. प्रिंट पाहून तक्रार निकाली काढली, पण एकानेही मुलीला फोन करून विचारलं नाही. जिच्या नावावर कागद आणला आहे, तिला आधी विचारावं, हे त्या दिवसानंतर मी प्रत्येक नव्या शिपायाला बजावत आलो.

मी मुलीला सांगितलं, सुटलीस बाई.

ती म्हणाली, “साहेब, तक्रार तर मी केली होती ना? मग मी अडकले कशी?”

मी तिला बसवून घेतलं आणि जी तक्रार कोणी ऐकलीच नव्हती, ती पहिल्यापासून लिहून घेतली.