शेवटच्या नंबराचा मलिदा

डिमोना या वाळवंटातल्या गावी आमच्या जिन्यात तळमजल्यावर एक मावशी राहायची. कापडाच्या गिरणीत उभ्याने आयुष्य गेलेलं, आणि पन्नाशी उलटल्यावर ही बाई शर्यतीत पोहणाऱ्या बायकांच्या टीममध्ये शिरली. शिफ्ट सुटली की थेट तलाव. परत आली की गॅलरीत ओला टॉवेल असा झटकायची, की वरच्या बायकांनी वाकून बघावंच.

पोहायच्या टोपीत मावेना म्हणून तिने कंबरेपर्यंतची वेणी कापली, तेव्हा याच बायका हळहळल्या. वरच्या मजल्यावरची शेजारीण तर सुतकात असल्यासारखी बसली. "केस माझे, डोकं माझं. तुझं काय गेलं गो?" मावशीने खालूनच विचारलं.

पहिली शर्यत लांब पेताह तिक्वा शहरात होती. मी सोबत गेले. बाकीच्या बाहेर येऊन अंग पुसत होत्या, तरी मावशी पाण्यातच होती. घाई नाही, थांबणं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या जिन्याला मलिद्याला बोलावलं. गोड पोहे, खोबरं, फळं, सगळं ताटात रचलेलं. नवस पुरा झाला की आम्ही मराठी ज्यू एलियाहू हन्नाबीचा, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचा, मलिदा करतो. तिची लेक हिब्रूत कुजबुजली, "आई, तू शेवटची आलीस!"

"पहिला नंबर कोणी मागितलेला? मला पाण्यात उतरव, एवढंच बोललेले. उतरवलं ना त्याने?"

मग पहिला मलिदा तिने वरच्या शेजारणीच्या हातावर ठेवला आणि तिचा अंबाडा नीट निरखून म्हणाली, "तुला मोठी टोपी लागेल गो."