जहागीरदारांच्या पियानोतलं तेल

नागोराव मिस्त्री गेल्याचं मला पाटोद्याच्या बाजारात कळलं. निवडून घेतलेली वांगी तशीच टोपलीत परत टाकली आणि एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. सांगणारा म्हणाला, "मास्तर, तुमचे जोडीदार व्हते न्हवं?" त्याला आता महिना होत आला. जोडीदार खरेच, पण त्यांच्यापाशी कबूल करायची एक गोष्ट माझ्या पोटात उभी हयात राहिली, आणि ते न ऐकताच गेले. मला राग येतो... त्यांचा नाही, माझा.

गोष्ट निजामाच्या अमदानीतली. मी तेव्हा बीडला एका जहागीरदारांच्या कोठीवर त्यांच्या मुलींना गाणं शिकवायला जात असे. घरात चार तोंडं खाणारी, आणि माझी सगळी मिळकत त्या कोठीतून. जहागीरदारांनी हैदराबादेत कुणा गोऱ्या साहेबाचा पियानो घेतला. जालन्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे बैलगाडीनं आलेलं ते धूड कोठीत उतरलं तेव्हा आतली मोठी फळी तडकली होती आणि निम्मे सूर पडले होते. पंधरा दिवसांनी हैदराबादेहून पाहुणे यायचे होते. लाकडाचं काम नागोरावांकडे आणि सुरांचं माझ्याकडे आलं. पियानो आम्ही दोघांनीही जन्मात पाहिला नव्हता!

नागोरावांनी पहिले दोन दिवस हत्याराला हातच लावला नाही. झाकण काढून आत डोकं घालून बसत, लाकडावरून बोटं फिरवत. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावलं. "मास्तर, हे एका घरचं काम हाय. हितं रंधा उजव्या हातानं चाललाय, अन् हितं डाव्या. पण सांधा घालायची रीत एकच. बापानं शिकवलंय, डावऱ्या लेकानं केलंय." मला थट्टा सुचली, म्हणालो, बाळाचं बारसंही सांगा. तर त्यांनी कडेची एक पट्टी उचलून दाखवली. खाली पेन्सिलीनं तीन नावं लिहिलेली होती. मला इंग्रजी अक्षरं लागत होती. नावं जर्मन, तिघांचं आडनाव एकच. नागोराव इतके खूश झाले की सोयऱ्यांचा सांगावा आल्यासारखे दिवसभर हसत होते.

ज्या फळीत तारांच्या खुंट्या ठोकलेल्या असतात, ती त्यांना फार आवडली. एकावर एक पातळ थर, एकाची रेषा उभी, तर पुढच्याची आडवी. "म्हंजी फाटायचीच न्हाई. दोनशेवर तारा ओढतात, तरी खुंटी जागची हलत न्हाई. लई डोकं हाय बे ह्या लोकान्ला!" असं स्वतःशीच बोलत ते तडकलेल्या मोठ्या फळीत पट्टी बसवत होते. चार-पाच दिवसांत त्यांनी ती अशी सांधली की भेग शोधावी लागे.

मग उरलेले सांधे चिकटवायला चांगला सरस आणायला ते दिंद्रुड गावी गेले, आणि मी माती खाल्ली. खुंट्या गंजल्या होत्या, फिरवताना करकरत होत्या. आपल्याकडे गाडी कुरकुरली की वंगण, कडी कुरकुरली की तेल. मला वाटलं, मिस्त्री येईपर्यंत एवढं तरी उरकून ठेवावं. वाटीभर करडीचं तेल घेतलं आणि एकेका खुंटीच्या मुळाशी सोडलं. खुंट्या लोण्यासारख्या फिरू लागल्या. मी सूर लावला, पुढच्या तारेकडे वळलो, तोवर मागचा उतरलेला! संध्याकाळपर्यंत एकही तार थांबेना. लाकडानं धरून ठेवायची गोष्ट मी निसरडी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोराव आले. त्यांनी खुंटीला बोट लावलं, बोट हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात जहागीरदार आले. एक सूर दाबला, दुसरा दाबला. "किसने किया ये?" नागोराव म्हणाले, "तेल म्याच घातलं सरकार. चूक झाली." हुकूम सुटला: बाजा बोलेपर्यंत मिस्त्रीनं देवडीबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवलो.

पुढचे सात दिवस ते देवडीच्या आतच होते. त्यांनी प्रत्येक खुंटी उपसली, तेल प्यालेलं लाकूड कोरून काढलं, त्या भोकात धावड्याची गुल्ली ठोकली आणि नवं भोक पाडलं. धावडा गाडीच्या आसाचं लाकूड, तो दगा देत नाही. मी तार चढवायचो तेव्हा ते फळीला कान लावून बसत. "हळू... अजून हळू..." एक गुल्ली जरी फुटली असती तर खुंट्यांची सगळी फळी गेली असती. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी शेवटची तार थांबली. पियानो वाजला. वाहवा माझी झाली. नागोरावांना मात्र गावानं 'तेलवाले मिस्त्री' करून टाकलं, आणि कुठल्याच कोठीतून त्यांना वाद्याच्या कामाचं बोलावणं आलं नाही. ज्या माणसाला एवढं दिसत होतं, त्यानं जन्मभर चौकटी आणि गाडीची चाकं केली. मी त्यांच्या दुकानात कितीदा बसलो! पावसाचं बोललो, पोरांचं बोललो.

परवा त्यांच्या मुलाला, शंकरला, भेटायला गेलो आणि एकदाचं सांगून टाकलं. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "म्हाईत हाय मला. आईलाबी म्हाईत हाय. आबा म्हनायचे, माझे हात हाईत, कुटंबी लाकूड तासून खाईन. मास्तरला कोठीतून काढलं असतं तर लेकरं काय खातील?" मग म्हणाला, "तुमी आलात की आबा रंधा खाली ठेवायचे, बघितलं का कवा? दुसऱ्या कुनासाठी न्हाई ठेवला. म्हनायचे, मास्तर कवातरी सोता सांगतील, तवा रंध्याच्या आवाजात ऐकू येयाचं न्हाई."

रंधा मी बसायचो त्या खुर्चीशेजारी अजून तसाच पालथा ठेवलेला आहे. मी तिथेच बसलो, पण ज्यांनी ऐकायचं ते आता नव्हते. म्हणून इथे, तुम्हा सगळ्यांसमोर लिहितो. त्या पियानोत तेल मी घातलं. नागोराव मिस्त्रींनी नाही.