वीसचा बोर्ड लागला, पण रस्ता ओलांडता आला नाही

मंडळी, रोह्यात आमच्या गल्लीत आज ताशी वीस किलोमीटर वेगमर्यादेचा बोर्ड लागला.

धाटावच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट गाठायला याच गल्लीतून बाइक पळवतात. त्या भीतीने माझ्या सासूबाई समोरच्या घरी, मैत्रिणीकडे जायच्याच बंद झाल्या होत्या.

बोर्ड बघून मी म्हटलं, "चला आई, मी हात धरते." समोर मैत्रीण चहा ठेवून दारात उभीच होती.

अर्ध्या रस्त्यात पोचलो आणि एक बाइक सुसाट आली. कचकन ब्रेक लागला. आईंनी माझा दंड घट्ट धरला.

मी ओरडले, "बोर्ड दिसत नाय का?"

हेल्मेटची काच वर करून तो म्हणाला, "दिसतो, वहिनी. पण कंपनीचं गेट बंद झालं की खाडा लागतो, दिवसाचा पगार जातो. मी काय करू?"

"घरी चल गो," आई म्हणाल्या. आम्ही परत फिरलो.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तोही धाटावलाच जातो. मी विचारलं, "तुम्ही किती वेगाने जाता?" तो हातपाय धुवायला गेला.

तुमच्याकडे बोर्ड लागल्यावर गाड्या खरंच हळू झाल्या का? की आधी कंपनीच्या गेटवर जाऊन या खाड्याबद्दल बोलायला हवं?