बाहीची पकड

लेकीच्या आग्रहाखातर मी पंचेचाळिशीत तिच्याच ज्युदोच्या वर्गात नाव घातलं. मुक्ता तिथे लहानपणापासून शिकतेय. त्या संध्याकाळी सरांनी नेमकी आम्हा दोघींची जोडी लावली. सकाळीच आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला शिकायला दिल्लीला जायचं होतं आणि मी साफ नाही म्हटलं होतं.

आम्ही समोरासमोर वाकून नमस्कार केला. तिने माझी कॉलर आणि बाही धरली, आणि काही कळायच्या आत माझे पाय सुटले. पाठ गादीवर आपटली, पण डोकं टेकलंसुद्धा नाही. मी पडत असताना तिने माझी बाही घट्ट वर ओढून धरली होती.

"आई, लागलं का गं?"

"नाही."

मी तशीच पडून राहिले. भांडणात आपण समोरच्याला पाडतो आणि मोकळे होतो. इथे मात्र समोरचा पडू लागला की पाडणाऱ्याचं खरं काम सुरू होतं. हे हिला कधीपासून येत होतं, कोण जाणे.

"दिल्लीला थंडी फार असते म्हणे," मी म्हटलं. "दोन चांगले स्वेटर घ्यावे लागतील तुला."